किटलीच्या झाकणाची रिंग सापडली आहे

भाच्या,

किटलीच्या झाकणाची रबरी रिंग सापडली. डावीकडच्या पुढच्या सीटच्या रुळात अडकून बसली होती. पिवळी पडलेली, एका अंगाला वाळलेल्या दुधाचा पापुद्रा. शनिवारी सीट उचलली तेव्हा ती टपकन खाली पडली आणि कोजागिरीपासून पुढचे सतरा दिवस आमच्या घरात जे काही चाललं होतं, त्याचा उलगडा झाला. तिथूनच तुला फोन लावला. तू म्हणालास, “थोडंसंच सांडलं होतं गं मावशी. मी पुसलं होतं की.”

फोनवर मी बोलत होते, तू “हं, हं” करत होतास आणि मागे मॅच चालू होती. म्हणून हे लिहून काढते आहे, आणि उघडपणे लिहिते आहे. दुसऱ्याची गाडी मागून न्यायची, काही सांडायचं, काही मोडायचं आणि किल्ली टीव्हीवर ठेवून “येतो हं” म्हणत सटकायचं, असे तुझे भाऊबंद घरोघरी आहेत. त्यांनीही वाचावं. तुझं नाव लिहीत नाही, ते तुझ्या आईकडे बघून.

गाडी मी हौसेनं दिली होती, हे आधी सांगते. कोजागिरीला पोरांनी पन्हाळ्यावर जावं, चांदण्यात दूध आटवावं, गाणी म्हणावीत, हे मला आवडतं. आम्हीही गेलो होतो आमच्या वेळी. तू गंगावेशीतल्या कट्ट्यावरून समोर पिळलेलं म्हशीचं दूध घेतलंस, आठ लिटर, फेसासकट. इथवर तुझं सगळं बरोबर. पण आठ लिटरची ती किटली तू सीटपुढे पाय ठेवायच्या जागेत नुसती उभी करून ठेवलीस. ना दोरी, ना खाली गोणपाट, ना कुणाच्या मांडीचा आधार. शेजारी बसलेला तुझा दोस्त मोबाईलवर रस्ता शूट करत होता. पन्हाळ्याच्या चढाला वळण आलं आणि किटली आडवी झाली. वर पोचल्यावर कढईत पाचच लिटर दूध पडलं, हे त्याच दोस्तानं मला परवा सांगितलं. म्हणजे तीन लिटर माझ्या गाडीत राहिलं. तीन लिटरला तू “थोडंसं” म्हणतोस. तेवढ्या दुधात पंधरा जणांचा चहा होतो.

सांडलं, त्याचा मला राग नाही. घाटात सांडतं. माझ्या हातूनही सांडलं असतं. पण पुढे तू काय केलंस ते बघ. हॉटेलवाल्याकडून चांगलं कढत पाणी मागून आणलंस आणि कार्पेटवर ओतलंस. फडक्यानं खसाखसा घासलंस. सकाळी गाडी बाहेरून चकाचक धुऊन घेतलीस, आरशाला लिंबाच्या वासाची सेंटची बाटली टांगलीस आणि किल्ली देऊन गेलास. बाजारात जाऊन बाटली निवडायची, पैसे द्यायचे, ती गाठ मारून टांगायची, एवढी सवड आणि एवढी अक्कल तुला होती. “मावशी, दूध सांडलंय” हे तीन शब्द बोलायला नव्हती.

दहावीला विज्ञान तुला मीच शिकवलं. आता हा धडा परत वाच, कारण तेव्हा तू फक्त मार्कांपुरता वाचला होतास.

म्हशीच्या दुधात शेकडा सहा ते आठ स्निग्धांश. तीन लिटर म्हणजे धर दोनशे ग्रॅम लोणी, सव्वाशे ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि दीडशे ग्रॅम दुधातली साखर. हे सगळं तू माझ्या गाडीच्या कार्पेटला पाजलंस. आणि ते धारोष्ण दूध होतं, न तापवलेलं. त्यातले सगळे जिवाणू जिवंत. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध सांडलं असतं तर थोडी तरी उसंत मिळाली असती. जिवाणू आधी साखर खातात आणि तिचं लॅक्टिक आम्ल करतात. ताज्या दुधाचा सामू साडेसहाच्या जरा वर असतो, तो उतरत उतरत 4.6 वर आला की केसीन साकळतं, म्हणजे दूध फाटतं. तोवर वास नुसता आंबट असतो, दह्यासारखा. कुणी म्हणेल, बरा आहे की. खरी घाण त्यापुढे सुरू होते. स्निग्धांश फुटतो आणि त्यातून ब्युटिरिक आम्ल सुटतं. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते लोण्यातून वेगळं काढलं. लोण्याला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरूनच त्याचं नाव पडलं. खवट लोण्याला जो वास येतो तो त्याचा, आणि माणसाच्या ओकारीला जो येतो तोही त्याचाच. अगदी लेशमात्र असलं तरी नाकाला कळतं. त्याच वेळी प्रथिनं कुजायला लागतात आणि त्यांची दुर्गंधी वेगळीच.

आणि वर ऑक्टोबर. पाऊस संपलेला, ऊन कडक, गाडी काचा बंद करून अंगणात. बाहेर पस्तीस अंश असेल तर बंद गाडीत पन्नासच्या वर जातं. रात्री गाडी निवते, तेव्हा जिवाणूंचं फावतं. दुपारी तापते, तेव्हा जे तयार झालंय त्याची वाफ होऊन ते वर येतं.

कढत पाण्याचं तर मला नवलच वाटलं. आजीच्या हाताखाली वाढलास तू. सुट्टीत तुझ्या डोळ्यांदेखत ती दुधाचं पातेलं विसळायची. आधी गार पाणी, मग राख किंवा साबण. गरम पाणी घातलं की दूध भांड्याला धरतं, हे तिनं तुला, मला, तुझ्या आईला, सगळ्यांना सांगितलंय. दुधात केसीन सोडून जी दुसरी प्रथिनं असतात ती सत्तर अंशांच्या आसपास घट्ट होतात आणि धाग्याला चिकटून बसतात. शिवाय पाण्यानं दूध पातळ झालं आणि आणखी खोल गेलं. तू घासलंस, तेही चुकलं. सांडलेलं दूध टिपायचं असतं. जाड टॉवेल ठेवायचा, त्यावर उभं राहून दाब द्यायचा, टॉवेल पिळायचा, परत ठेवायचा. मग गार पाणी शिंपडायचं, परत टिपायचं, पाणी निवळ येईपर्यंत. वरची मॅट काढून पहिल्या तासात हे केलं असतंस आणि सकाळी मला सांगितलं असतंस, तर त्याच दिवशी ओलं ओढणाऱ्या व्हॅक्यूमनं उरलंसुरलं निघालं असतं. चार दिवसांत आपण विसरून गेलो असतो.

आता घरात काय झालं ते ऐक. इथून पुढचं शांतपणे वाच.

खुब्याच्या ऑपरेशननंतर आजीला मंगळवारी आणि शुक्रवारी फिजिओथेरपीला न्यावं लागतं, हे तुला ठाऊक आहे. मी कॉलेजला स्कूटरवर जाते, गाडी तिच्यासाठीच निघते. तू गाडी आणून दिलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, जरा कोंदट वास आला. लिंबाच्या सेंटचा असेल म्हणून मी ती बाटली काढून टाकली. मंगळवारी दार उघडलं आणि मला मागे सरावं लागलं. तो वास कसला हे कळेना, कारण तुझं लिंबू त्यात मुरलं होतं. नुसतं नासलेलं दूध असतं तर आजीनं दारातच ओळखलं असतं, चाळीस वर्षं गोठा सांभाळलाय तिनं. तुझ्या त्या बाटलीनं वास झाकला तर नाहीच, फक्त ओळखू येईनासा केला. मला वाटलं एसीच्या नळकांड्यात उंदीर मरून पडला. गॅरेजवाल्यानं डॅशबोर्डच्या खणामागची जाळी काढून बघितली, काही नव्हतं.

त्या मंगळवारी आजी गाडीत बसली. मी काचा खाली केल्या. ती काही बोलली नाही. परत आल्यावर भर दुपारी दुसऱ्यांदा अंघोळ करते म्हणाली. खुब्याचं ऑपरेशन झालेली बाई, एक अंघोळ करायची तर दोन माणसं लागतात. मी म्हटलं, सकाळी तर केलीस. ती म्हणाली, “करते. बरं वाटेल.” रात्री तिचं लुगडं मी दोरीवर बघितलं, धुतलेलं. दुसऱ्या दिवशी परत धुतलेलं. शुक्रवारी गाडी दारात लावली तर ती म्हणाली, पाय दुखतोय, आज नको. पुढच्या मंगळवारी, चक्कर येते, नको. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी जरा आवाज चढवला. डॉक्टर काय म्हणतील, पाय आखडेल, सगळं बोलले. तेव्हा तिनं तोंड भिंतीकडे केलं आणि म्हणाली, “माझ्या अंगाला वास येतोय गं. गाडीत सगळ्यांना त्रास होतो. तू काचा उघडतेस, मला कळतं.”

ऑपरेशननंतर तिला कधी कधी बाथरूमपर्यंत पोचायला उशीर होतो. ती हे कुणाला सांगत नाही. दहा दिवस ती समजत होती की तो वास तिचा आहे. दहा दिवस तिनं पाणी कमी प्यायलं. हे तिनंच मला सांगितलं, कानात, लहान मुलीसारखं. आणि मी काय केलं होतं? काचा उघडल्या होत्या.

तीन वेळा तिची फिजिओथेरपी चुकली. वॉकर घेऊन दारापर्यंत जायला लागली होती, ती परत पलंगाच्या कडेवर आली. तुझ्या “थोडंसं सांडलं”चा हा हिशेब आहे.

शनिवारी मी गाडी कुशनकाम करणाऱ्या काकांकडे नेली. त्यांनी दार उघडलं, एकदा हुंगलं आणि म्हणाले, “ताई, दूध आहे. सीट काढावी लागणार.” सीटखाली पिवळ्या वेष्टणाची वायर असते, ती एअरबॅगची, म्हणून त्यांनी आधी बॅटरीची वायर सोडवली, चहा होईपर्यंत थांबले आणि मग चार बोल्ट काढून सीट बाहेर घेतली. तेव्हा ती रिंग पडली. दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी काढून त्यांनी कार्पेट उचलायला सुरुवात केली, तर ते उचलेना. खालच्या नमद्याला चिकटलं होतं. केसीनपासून लाकूड जोडायचा डिंक करतात, पूर्वी लाकडी विमानांनाही तो वापरायचे, हे मी वर्गात पोरांना सांगते. तो डिंक माझ्या गाडीत तयार झालेला मी पहिल्यांदाच बघितला. काकांनी पट्टीनं सोडवत सोडवत कार्पेट वर घेतलं. वरून ते खडखडीत कोरडं होतं, हात फिरवला तर काही कळलं नसतं. खालचा नमदा मात्र मधोमध ओला होता. सतरा दिवसांनी ओला. त्यावर पिवळसर साका, कडेला हिरवट बुरशी आणि खाली पत्र्यावर गंजाचे दोन ठिपके. काकांचा मदतनीस पोरगा तोंडाला फडकं बांधून लांब जाऊन उभा राहिला.

तू वरून जे पुसलंस त्यानं डाग गेला. दूध या नमद्यात बसलं होतं. वरून कितीही शाम्पू मारला असता तरी तिथे पोचला नसता.

मधल्या काळात उपाय सुचवणारे पुष्कळ भेटले. एक शेजारीण म्हणाली, कॉफीपूड ठेवा. दुसऱ्या म्हणाल्या, व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून ओता. आम्ल आणि आम्लारी एकत्र ओतले की ते एकमेकांनाच संपवतात, फेस येतो आणि हाती खारट पाणी उरतं. सोडा एकटाच वापरायचा. ब्युटिरिक आम्लाशी त्याचा संयोग होऊन क्षार बनतो आणि तो उडून नाकापर्यंत येत नाही. उदासिनीकरण, पुस्तकातलंच. पण सोड्यानं दुधाचं मूळ जात नाही. कोळशाची पुडी हवेतला वास शोषते, तीही नमद्यातल्या साक्याला हात लावू शकत नाही. खाऊन टाकलं पाहिजे ते दूध, आणि ते काम विकरांचं. प्रोटिएज प्रथिनं तोडतं, लायपेज स्निग्धांश तोडतं.

नमदा आम्ही टाकून दिला, नवीन कापून बसवला. कार्पेट धुवायला मी घरी आणलं. रविवारी सकाळी अंगणात पसरून गार पाण्याचे पाच हात दिले. मग विकरं असलेलं द्रावण कोमट पाण्यात कालवून आरपार भिजेल इतकं ओतलं आणि वर प्लास्टिकचा कागद झाकून रात्रभर ठेवलं. विकरांना वेळ लागतो आणि ओल लागते. फवारून लगेच पुसलं तर पैसे वाया. ब्लीच किंवा जंतुनाशक आधी मारलं असेल तर विकरं निकामी होतात, म्हणून ते टाळलं. सोमवारी धुऊन पाणी ओढून काढलं, हुंगलं, अजून होता. परत द्रावण, परत रात्र. मंगळवारी धुतलं तेव्हा नुसता ओल्या कापडाचा वास उरला. मग सोडा भुरभुरून दोन दिवस उन्हात, उलटसुलट. गाडीत तोवर चारी दारं उघडी आणि पंखा. काकांनी पत्रा घासून गंजरोधक लावला, खणामागची एसीची जाळी बदलली, कारण वास त्यातही मुरला होता. एकूण साडेसहा हजार रुपये आणि माझी चार दिवसांची रजा.

पैसे मी मागत नाही. तुझी आई द्यायला निघाली होती, तिलाही नको म्हटलं. एरवी मी आईविरुद्ध तुझी बाजू घेत आले, तुझ्या पहिल्या नापासापासून. या वेळी घेणार नाही.

तू घाबरलास, असं तुझी आई म्हणते. मावशी ओरडेल म्हणून बोलला नाही. मी ओरडले असते, हे खरं. पाच मिनिटं ओरडले असते, मग आपण दोघांनी मिळून बादली आणि टॉवेल घेतले असते. चोवीस वर्षांच्या मुलाला पाच मिनिटांच्या ओरड्याची भीती वाटते आणि त्यापायी अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई दहा दिवस स्वतःला घाण समजते. याला मी घाबरणं म्हणत नाही. हा भेकडपणा आहे, आणि तो तुला शोभला नाही.

काल गाडी पूर्ण झाली. मी काचा बंद करून भर दुपारी उन्हात तासभर ठेवली आणि मग आत जाऊन बसले. वास गेला आहे. आजीला सांगितलं, आई, गाडीत दूध सांडलं होतं, त्याचा वास होता, तुझा नव्हता. रिंगही दाखवली. तिनं ती हातात घेऊन बघितली, परत दिली आणि म्हणाली, “असू दे. तू माझं मन राखायला सांगतेस.”

माझ्यावर तिचा विश्वास बसत नाही. तुझ्यावर बसेल, कारण दूध तू सांडलंस. येत्या मंगळवारी दुपारी तीनला तिला न्यायचं आहे. तू ये. गाडी तू चालव. पण किल्ली हातात घ्यायच्या आधी तिच्या पलंगाशी खाली बस आणि तिला तुझ्या तोंडानं सांग, तो वास कशाचा होता.

तुझी,
मावशी